बोट आपलं, नुकसान दुसऱ्याचं

18 मार्च 2023, शनिवार. गोंदिया जिल्ह्यातल्या बिरसीच्या धावपट्टीवरून उडालेलं एक प्रशिक्षण विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात, लांजी-किरणापूर भागातल्या भक्कूटोल्याच्या डोंगरात कोसळलं. आत प्रशिक्षक आणि शिकाऊ वैमानिक होते, दोघंही गेले. पुढच्या काही तासांत त्या जागेचा एक व्हिडिओ मोबाइलवर फिरायला लागला. दगडांच्या मधे आग, आणि आगीत एक देह.

बिरसी, कामठा, परसवाडा, खातिया या गावांना विमानाचं अप्रूप नाही. धावपट्टी इंग्रजांच्या काळातली, दुसऱ्या महायुद्धाच्या वेळची. गेली कितीतरी वर्षं शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं दिवसभर डोक्यावर घिरट्या घालतात. त्यामुळे तो व्हिडिओ आला तेव्हा 'हे आपल्याकडचं विमान' म्हणून लोकांनी तो पाहिला आणि पाहून पुढे पाठवला. पाठवणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण दोन घरांमधली माणसं त्या वेळी कुठल्या अवस्थेत असतील, आपला फॉरवर्ड फिरत फिरत त्यांच्या नात्यागोत्यातल्या ग्रुपवर पोचेल का, हा विचार बोटाच्या आधी डोक्यात आला नाही.

मोबाइल जपून वापरा, ओटीपी देऊ नका, लिंक उघडू नका, असं सांगणारे लेख भरपूर निघतात, आणि निघायलाच हवेत. ते सगळे स्वतःला कसं वाचवायचं ते सांगतात. आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान होऊ नये म्हणून काय करायचं, हे मात्र कुणी फारसं सांगत नाही. गावात तर हाच प्रश्न मोठा आहे, कारण इथे एका माणसाचा मोबाइल पाच माणसांची कामं करतो.

अपघाताच्या जागी तुम्ही पहिले पोचलात तर आधी 112 लावा. जखमी असेल तर त्याला हात द्या. फोटो काढायचाच असेल तर पोलिसांना जागा कळावी, गाडीचा नंबर कळावा यापुरता काढा आणि तो त्यांनाच द्या. चेहरा, रक्त, अंगावरचे कपडे ग्रुपवर टाकू नका. मृताचं नाव घरच्यांना अधिकृतपणे कळेपर्यंत तेही टाकू नका, श्रद्धांजलीचा फोटोसुद्धा नको. आणि असा व्हिडिओ तुमच्याकडे आलाच, तर तो तुमच्या मोबाइलवर संपला पाहिजे. ग्रुपचे अॅडमिन असाल तर तो सगळ्यांसाठी डिलीट करण्याची सोय तुमच्या हातात आहे. ती वापरा, कुणी नाराज झालं तर होऊ द्या.

मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज दर दोन-चार वर्षांनी नव्याने येतात. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेवरून भिक्षा मागून पोट भरणाऱ्या, मंगळवेढ्याकडच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. 2024 मध्ये सात जणांना जन्मठेप झाली. मेसेज पुढे पाठवणारे मात्र शेकडो असतील. त्या जुलै 2018 मध्येच व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली, ती अशा घटनांमुळेच. असा मेसेज आला की पाठवणाऱ्याला एवढंच विचारा: कुठल्या गावचं, कोणत्या दिवशीचं, तू पाहिलंस का? तिन्हीचं उत्तर मिळत नसेल तर मेसेज तिथेच ठेवा. खरंच संशय असेल तर पोलीस पाटलांना किंवा 112 ला सांगा. गावात येणारा बहुरूपी, चादरी विकणारा, मजुरीला आलेला परमुलखातला माणूस, यांच्या जिवाचा प्रश्न आहे हा.

लग्नातला ड्रोन

बिरसीकरांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण ती नागपूरच्या वर्तमानपत्रात छापून येत नाही. उन्हाळ्यात लग्नं लागली की वरातीवर ड्रोन फिरतो. फोटोग्राफर 'पॅकेज'मधेच देतो. पण 2021 च्या ड्रोन नियमांनुसार आकाशाचे लाल, पिवळे आणि हिरवे पट्टे पाडलेले आहेत, आणि विमानतळाच्या जवळच्या भागात परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. आठ ते बारा किलोमीटरच्या टप्प्यातही 200 फुटांच्या वर पिवळा पट्टा लागतो. 250 ग्रॅमच्या आतल्या नॅनो ड्रोनला चालवणाऱ्याचा परवाना लागत नाही, म्हणून 'आमचा छोटा आहे, चालतो' असं फोटोग्राफर सांगतात. परवाना लागत नाही हे खरं, पण लाल-पिवळ्या पट्ट्यात परवानगी छोट्यालाही लागतेच. शिकाऊ मुलगा पहिल्यांदा एकटा विमान उतरवत असेल आणि समोर प्लास्टिकचं पाखरू आलं तर काय होईल, ते सांगायला नको. ड्रोन सांगण्याआधी फोटोग्राफरकडून नकाशा दाखवून घ्या. परवानगीचा कागद नसेल तर ड्रोन नको म्हणा, वरात त्याच्याशिवायही निघते.

ड्रोनचं आणखी एक. तो तुमच्या मांडवावर उडतो तेव्हा शेजारचं अंगण, न्हाणी, गच्ची सगळं टिपतो. जमिनीवरच्या मोबाइलचंही तसंच आहे. वरातीत नाचणाऱ्या मुलीचा, दिवाळीनंतरच्या मंडईत फिरणाऱ्या बायांचा व्हिडिओ काढून रीलला गाणं लावून टाकणारे प्रत्येक गावात आहेत. त्या मुलीला विचारलं का? तिच्या भावाला किंवा नवऱ्याला नव्हे, तिला. हल्ली एका साध्या फोटोवरून एआयने घाणेरडा फोटो बनतो, तेव्हा 'नुसता नाचतानाचा तर टाकला' हे उत्तर पुरत नाही. तसा प्रकार कुणाच्या बाबतीत झाला तर फोटो मिटवण्याच्या घाईत पुरावा घालवू नका. लिंक आणि खात्याचं नाव टिपून ठेवा, सायबर हेल्पलाइनच्या 1930 वर किंवा सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करा. आणि मुलीचा मोबाइल काढून घेऊ नका. मोबाइल जाईल या भीतीने पुढच्या वेळी ती सांगणारच नाही.

दुसऱ्याचं ऑनलाइन काम करून देणारे

आता मुख्य विषय. सातबारा ऑनलाइन, ई-पीक पाहणी ऑनलाइन, धानाची नोंदणी ऑनलाइन, पीएम किसानचं ई-केवायसी, लाडक्या बहिणीचं ई-केवायसी, शिष्यवृत्ती, रेशन, सगळंच ऑनलाइन. ज्याला जमत नाही तो कुणाकडे तरी जातो. कधी आपले सरकार सेवा केंद्रात, कधी झेरॉक्सच्या दुकानात, बहुतेक वेळा घरातल्या किंवा गल्लीतल्या बारावी झालेल्या पोराकडे. हे काम करून देणारी पोरं-पोरी नसती तर गोंदिया जिल्ह्यातल्या निम्म्या योजना कागदावरच राहिल्या असत्या, असं मला वाटतं. म्हणून हा भाग त्यांच्यासाठी लिहितो.

"मावशी, कोड आला का जी?" मावशी मोबाइल पुढे करते. तिला मेसेज वाचता येत नाही, म्हणून पोरगा स्वतःच सहा आकडे पाहतो आणि टाकतो. हे रोज होतं, आणि यात चुकीचं घडायला वेळ लागत नाही. ओटीपीचा मेसेज सहसा नुसते आकडे घेऊन येत नाही. त्या आकड्यांच्या आगेमागे कशासाठी ते लिहिलेलं असतं: आधारची पडताळणी, मोबाइल नंबर जोडणं, की खात्यातून अमुक रुपये जाणं. ते वाक्य मराठीत, मावशीला ऐकू जाईल असं वाचा. तिला कळलं की नाही ते तिच्या तोंडाकडे पाहून समजतं. मग आकडे टाका. मेसेज वाचला नाही तर ओटीपी टाकायचा नाही, हा एक नियम पाळला तरी अर्धं काम झालं.

फॉर्ममधे मोबाइल नंबरचा रकाना येतो. मावशीचा रिचार्ज संपलेला असतो, नंबर आठवत नसतो, मागे रांग असते. पोरगा स्वतःचा नंबर टाकून मोकळा होतो. त्या वेळी सोय झाली, पण पुढे त्या अर्जाचा प्रत्येक ओटीपी, प्रत्येक मंजुरी, प्रत्येक नकार त्याच्याकडे येणार. पोरगा पुण्याला कामाला गेला, सिम बदललं, की मावशीचं काम अडलं. रजिस्ट्रेशन, बँक, शेतकरी ओळख क्रमांक, जिथे जिथे नंबर लागतो तिथे ज्याचं काम त्याचाच नंबर, आज नसेल तर काम उद्या. पासवर्ड बनवावा लागला तर तो कागदावर लिहून द्या, तुमच्या मोबाइलच्या ब्राउझरला 'सेव्ह' करू देऊ नका.

कागदपत्रांचं काय करता? आधार, पासबुक, जातीचा दाखला यांचे फोटो काढून अपलोड केले की ते तुमच्या गॅलरीत राहतात, तिथून डिलीट केले तर 'नुकतेच हटवलेले' मधे राहतात, व्हॉट्सअॅपवर मागवले असतील तर चॅटमधेही असतात. महिन्याभरात गावातल्या पन्नास घरांचे आधार तुमच्या खिशात जमतात. मोबाइल हरवला, विकला, दुरुस्तीला दिला, की ते सगळे बाहेर. काम झालं की तिन्ही ठिकाणांहून काढा, मावशीसमोर काढा. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर कामाचं नाव आणि तारीख अक्षरांवरून आडवी लिहा. शक्य असेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार काढून द्या, ते आधारच्या वेबसाइटवरून मिळतं.

खोटं भरण्याची वेळ फार सहज येते. लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीत 2025 मध्ये पती किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी मागितला गेला. ज्या बाईचा नवरा गेला आणि वडीलही गेले, ती काय करणार? 'दिराचं टाकून दे ना बाबू, पंधराशे बंद होतील' असं ती म्हणाली तर पोराचा जीव पाघळतो. पण स्वयंघोषणेच्या रकान्यात बरोबरची खूण तिच्या नावाने होते, उद्या विचारणा झाली तर ती अडकते, पोरगा नव्हे. अशा बायांसाठी मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे देण्याची वेगळी वाट शासनाने नंतर काढली. अडचण खरी असते तेव्हा बऱ्याचदा अशी वाट निघते. ती निघेपर्यंत अर्जाचा क्रमांक जपून ठेवणं आणि ग्रामपंचायतीत विचारत राहणं, हेच तिच्या फायद्याचं.

काम झाल्यावर अर्ज क्रमांक, तारीख आणि किती पैसे घेतले, या तीन गोष्टी एका चिठ्ठीवर लिहून द्या. सेवा केंद्र चालवत असाल तर दरपत्रक भिंतीवर लागलंच पाहिजे. काम करून घेणाऱ्यांनो, तुम्हीही ते मागा. संकोच वाटतो हे मला ठाऊक आहे. ओळखीच्या पोराला पावती कशी मागायची, असं वाटतं. पण पावती मागणं म्हणजे अविश्वास नव्हे, उद्या काही झालं तर ती त्या पोरालाही वाचवते.

अंगठ्याचं तर वेगळंच. आधारच्या अंगठ्याने पैसे देणाऱ्या मशिनवर 'सर्व्हर गेला, पुन्हा लावा' म्हणत दोनदा पैसे काढण्याचे प्रकार होतात. पहिला अंगठा लागला की पावती किंवा मेसेज येईपर्यंत दुसरा लावू नका. 'व्यवहार अयशस्वी' अशीसुद्धा पावती निघते, ती मागा. घरात स्मार्टफोन असेल तर आधारच्या अॅपमधून अंगठा कुलूपबंद करता येतो. पण रेशन तुमच्याच अंगठ्यावर मिळत असेल तर दुकानात जाण्याआधी तो उघडावा लागेल, नाहीतर रिकाम्या पिशवीने परत याल. कार्डावरच्या दुसऱ्या सदस्याचा अंगठाही चालतो.

आणि रोवणी करून करून ज्यांच्या बोटांच्या रेषाच झिजल्या, त्या म्हाताऱ्यांचं काय? सप्टेंबर 2017 मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी वारली. आधार न जोडल्यामुळे घरचं रेशन कार्ड रद्द झालं होतं, असं तिच्या घरच्यांचं म्हणणं होतं. त्यानंतर 24 ऑक्टोबर 2017 ला केंद्राने राज्यांना पत्र पाठवून कळवलं, की आधार नाही किंवा जुळलं नाही एवढ्यावरून पात्र कुटुंबाला धान्य नाकारू नये. दुकानदाराने 'मशिन घेत नाही' म्हणून आजीला परत पाठवलं तर तिच्यासोबत जा आणि नोंदवहीत नोंद करून धान्य मागा. देत नसेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी द्या. मशिनला तिची बोटं ओळखू येत नसली तरी गाव तिला ओळखतं.

सातबारा आणि खातं उसनं देणं

खुर्पं, बैलजोडी, लग्नातलं भांडं, गावात सगळंच उसनं जातं. त्या सवयीने लोक सातबाराही उसना देतात. आधारभूत केंद्रावर धान विकायला ऑनलाइन नोंदणी लागते, ती सातबारा, पीक पाहणी, आधार आणि बँक खात्यावर होते. ज्याचं धान घरी खाण्यापुरतंच झालं, किंवा ज्याने पैशाच्या निकडीने आधीच व्यापाऱ्याला कमी भावात घातलं, त्याच्याकडे व्यापारी येतो आणि म्हणतो, काकाजी, तुमच्या सातबारावर माझं धान दाखवतो, क्विंटलमागे अमुक देतो. काकाजींना यात फुकटचा पैसा दिसतो. पण हमीभाव (2025-26 मध्ये क्विंटलला 2,369 रुपये होता) ज्याच्यासाठी ठेवलाय तो शेतकरी रांगेत राहतो. केंद्राची खरेदीची मर्यादा संपते, गोदाम भरतं आणि त्याचं धान अवकाळीत अंगणात भिजतं. 2024-25 मध्ये हेक्टरी 20,000 रुपयांप्रमाणे दोन हेक्टरपर्यंतची प्रोत्साहन रक्कम नोंदणीवरच देण्यात आली, म्हणजे खोट्या नोंदणीने सरकारी पैसाही वळतो. ई-पीक पाहणीतही तेच. एका मोबाइलवरून बऱ्याच खातेदारांची नोंद करता येते, ही सोय चांगली आहे, पण बांधीत प्रत्यक्ष न जाता शेजारच्या बांधीचा फोटो टाकला तर विमा आणि नुकसानभरपाईच्या वेळी खरा मालक हात चोळत बसतो. ज्याची पाहणी करता त्याला सोबत न्या.

बँक खातं देणं याहून वाईट. 'तुझं खातं वापरतो, महिन्याला दोन हजार देतो' असं सांगणारा माणूस बहुतेक कॉलेजातला मित्रच असतो. त्या खात्यातून सट्ट्याचा किंवा फसवणुकीचा पैसा फिरतो. जुलै 2023 मध्ये नागपूर पोलिसांनी गोंदियातल्या एका घरावर छापा टाकला. ऑनलाइन गेमिंगच्या अॅपवर आपली 58 कोटी रुपयांची फसवणूक झाली, अशी नागपूरच्या एका व्यापाऱ्याची तक्रार होती. छाप्यात कोट्यवधींची रोकड आणि किलोंनी सोनं निघालं. इतका पैसा फिरवायला इतरांची खाती लागतात. म्हणून ती भाड्याने मागितली जातात, आणि पोलीस सर्वांत आधी खातेदाराच्या दारात येतात. खातं गोठतं, त्यात आईचे लाडक्या बहिणीचे पैसे असले तरी गोठतं. ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम, त्यांची जाहिरात आणि त्यांचे पैशाचे व्यवहार, तिन्हींवर बंदी आणली. अॅपची लिंक 'जॉइन कर, दोघांना बोनस' म्हणून मित्राला पाठवणं, हेसुद्धा आता नुसतं गमतीचं राहिलेलं नाही. तुमच्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथी पोर्टलवर आजच पाहून घ्या. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवता येतं.

शेवटचा एक प्रकार. लग्नपत्रिका, पीएम किसान, वाहनाचं चलान अशा नावाची एपीके फाइल व्हॉट्सअॅपवर येते. उघडली की मोबाइल हातचा जातो आणि तीच फाइल तुमच्या नावाने तुमच्या सगळ्या ग्रुपवर जाते. लोक ती तुमच्या भरवशावर उघडतात. असं झालं तर लाज धरून गप्प बसू नका. मोबाइलचा डेटा बंद करा, दुसऱ्याच्या फोनवरून ग्रुपला कळवा, बँकेला फोन करा आणि 1930 लावा. पहिल्या तासा-दोन तासांत कळवलं तर पैसे वाटेतच रोखले जाण्याची शक्यता असते, दुसऱ्या दिवशी ती फार कमी होते.

बिरसी विमानतळासाठी ज्यांची घरं आणि शेती गेली, त्यांनी पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षं ग्रामसभेचे ठराव केले, निवेदनं दिली, मोर्चे काढले. कागदावर एकत्र सही करण्याची सवय या भागाला आहे. येत्या ग्रामसभेत हाही विषय घ्या: सेवा केंद्राचं दरपत्रक लावणं, 1930 आणि 112 हे नंबर ग्रामपंचायतीच्या आणि रेशन दुकानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवणं, आणि आठवड्यातला एक दिवस ग्रामपंचायतीत बसून म्हाताऱ्यांचे मेसेज त्यांना वाचून दाखवणारी दोन पोरं-पोरी नेमणं. यासाठी कुठल्या योजनेची वाट पाहायची गरज नाही, ठरावावर सह्या झाल्या की झालं.